शके, संवत आणि शेंदूर: वाईत पायी फिरताना गाव कसं वाचावं

वाईला बाहेरून येणारा माणूस साधारण एकच फेरी मारतो. ढोल्या गणपतीचं दर्शन, घाटावर दोन फोटो, मेणवलीचा वाडा, की लगेच पसरणीचा घाट चढून पाचगणी. दीड तासात वाई 'झाली'. मी इथे बदलीवर आलो तेव्हा पहिले सहा महिने माझीही वाई एवढीच होती. नंतर एका सकाळी एसटी चुकली, पुढची तासाभराने होती, म्हणून उगाच आळ्यांमधून भटकलो आणि एका दाराच्या वर कोरलेला आकडा दिसला. तो वाचता आला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुढची अडीच वर्षं तेच केलं.

खाली लिहितोय ते नवख्यांसाठी आहे. उदाहरणं वाईची घेतली आहेत, कारण तिथे माझे पाय झिजलेत. पण नदीकाठच्या, बाजारपेठेच्या कुठल्याही तालुक्याच्या गावाला यातलं बरंचसं लागू पडेल. सूत्र एकच ठेवा: पाटीवर एक लिहिलेलं असतं, लोक दुसरं बोलतात आणि दगड तिसरंच सांगतो. या तिघांचं जिथे जुळत नाही, तिथे थांबायचं.

आधी तयारी

वही आणि पेन्सिल घ्या. पेन नको, घाटावर वही ओली होते आणि शाई पसरते. छोटी बॅटरी हवीच, ती कशासाठी ते पुढे येईल. पटकन काढता येतील अशा चपला घाला, कारण दर शंभर पावलांवर एक देऊळ आहे. पाण्याची बाटली. बस.

वेळ सकाळी सातची. याला दोन कारणं आहेत. एक म्हणजे दुकानं उघडली की ताडपत्र्या आणि फ्लेक्स पुढे येतात आणि मागच्या जुन्या इमारतीचं कपाळ झाकलं जातं. दुसरं, कोवळं ऊन तिरपं पडतं आणि झिजलेली अक्षरं त्यातच उठून दिसतात. दुपारी बाराला जो दगड कोरा वाटतो त्यावर सकाळी ओळ दिसू शकते. ऋतू म्हणाल तर दिवाळीनंतरचा. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं आणि कृष्णेचं पाणी पायऱ्या गिळून बसलेलं असतं.

आणि अंतर कमी ठेवा. एका सकाळी एक आळी. मी सुरुवातीला अख्खं गाव एका रविवारी उरकायचं ठरवलं होतं. घरी आलो तेव्हा मोबाइलमध्ये दोनशे फोटो होते आणि त्यातला कुठला कुठल्या देवळाचा हे एकाचंही सांगता येईना.

एसटी स्टँडपासून सुरुवात करा

गंमत नाही, खरंच. गाव कुठल्या गावांना धरून आहे ते फलाटावरच्या पाट्यांतून कळतं. धोम, मेणवली, जोर, बावधन, पसरणी, मांढरदेव, पाचवड. ही नावं वहीत उतरवा आणि शेजारी उभ्या असलेल्या कुणालाही एकेका गावाबद्दल एक प्रश्न विचारा. बावधन म्हटलं की बगाडाच्या जत्रेची गोष्ट निघेल, मांढरदेव म्हटलं की काळूबाईची, पसरणी म्हटलं की कुणीतरी शाहीर साबळ्यांचं नाव घेईल, कारण ते तिथलेच. धोम म्हटलं की धौम्य ऋषीही निघतील आणि धरणही. अर्ध्या तासात तालुक्याचा नकाशा तयार होतो, तोही माणसांच्या तोंडून.

रस्त्याने चालताना किलोमीटरच्या दगडांच्या डोक्याचा रंग बघायची सवय लावा. पिवळा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्यमार्ग, काळा किंवा निळा म्हणजे जिल्हा रस्ता, केशरी म्हणजे ग्रामसडक. रस्त्याचा दर्जा बदलला तरी कडेला पडलेला जुना दगड जुनाच रंग दाखवत राहतो.

नावं: पाटीवरचं आणि तोंडातलं

प्रत्येक ठिकाणाची तीन नावं लिहायची. नगरपालिकेच्या पाटीवरचं, रिक्षावाल्याच्या तोंडातलं, आणि एखाद्या घराच्या पत्त्यातलं. तिन्ही एकच असली तर पुढे चला. वेगळी असली तर तिथे काहीतरी घडून गेलेलं आहे.

वाईच्या जुन्या वस्तीची नावं नुसती मोठ्याने वाचून बघा: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी. यातल्या दोन नावांत पाणी सरळ बसलेलं आहे. डोह म्हणजे नदीतली खोल जागा, कुंड म्हणजे बांधलेलं किंवा राखलेलं पाणी. इथे रस्त्यावरून नदीला नाव पडलेलं नाही, नदीवरून वस्तीला पडलंय. मधली आळी म्हटलं की लगेच विचारायचं, कुणाच्या मधली? उत्तर शोधताना दोन्ही बाजूंच्या घाटांपर्यंत चालून होतं.

या सात ठिकाणांचं नातं कृष्णाबाईच्या उत्सवात दिसतं. माघापासून पुढे एकेका घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाई बसते, मांडव पडतात, प्रसादाच्या पंगती उठतात. अफजलखान १६५९ साली वाईला होता, तेव्हा संकट टळावं म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, असं सांगतात. 'सांगतात' हा शब्द वहीतही तसाच लिहा. खान वाईत होता हा इतिहास, नवस ही परंपरा. दोन्ही लिहायचं, पण एकाच शाईने नाही.

आणखी एक उदाहरण. वाई म्हणजे महाभारतातली विराटनगरी, हे इथे लहान मुलगासुद्धा सांगेल. तिकडे राजस्थानात बैराट आहे, तेही विराटनगर म्हणवतं. वाईकराशी यावर वाद घालू नका, हरलात तरी पंचाईत आणि जिंकलात तर जास्तच. पांडवगड समोर दिसत असताना तुमचं कोण ऐकणार?

दार, भिंत आणि भिंतीवरचा खडू

आता मान वर करा. जुन्या वाड्याच्या चौकटीवर मधोमध गणेशपट्टी असते. तिच्या वर किंवा बाजूला कधीकधी साल कोरलेलं सापडतं. दरवाजा नवा आणि चौकट जुनी, असंही बरेचदा दिसतं. वाड्याचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा, आणि त्यावर पत्रा किंवा सिमेंटचा स्लॅब असेल तर तीन पिढ्यांच्या खिशाचा हिशेब तुमच्यासमोर उभा आहे.

पडक्या वाड्याशेजारी फुटकं मंगलोरी कौल दिसलं तर मालकाला विचारून ते उलटं करून बघा. बहुतेक कौलांच्या अंगावर कारखान्याचं नाव, गाव आणि एखादं चिन्ह उठवलेलं असतं. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, मग त्या किनाऱ्यावर इतरही निघाले. म्हणजे मंगलोरी कौलं घातलेलं छप्पर त्याआधीचं असूच शकत नाही, खालचा वाडा कितीही जुना असो. एवढ्या एका कौलावरून छपराच्या वयाची एक बाजू पक्की होते.

मग नजर छातीच्या उंचीवर आणा. दाराशेजारच्या भिंतीवर खडूने किंवा गेरूने काढलेली इंग्रजी 'पी' आणि 'एक्स' अशी अक्षरं, खाली आकडे, तारीख. मला पहिल्यांदा वाटलं गॅसवाल्याची खूण. समोरच्या ओट्यावर एक आजोबा पेपर वाचत बसले होते.

"काय शोधताय?"

"ही खूण कसली ते बघतोय, आजोबा."

"अहो, पोलिओवाल्या बाईंनी केलीय. घरातल्या पोरांना डोस झाला की पी, राहिला की एक्स." पेपर बाजूला ठेवत म्हणाले, "आमच्या दाराला एकदा एक्स पडला होता, नातू आजोळी गेलेला. सून आठवडाभर ती खूण पुसायच्या मागे होती. मी म्हटलं, पुसून डोस होतो का?"

पल्स पोलिओ मोहीम १९९५ साली सुरू झाली, देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला. त्या मोहिमेचा दारोदारचा कागद म्हणजे ह्या खडूच्या खुणा. एका पावसात जातात. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण, जुन्या खताच्या आणि विडीच्या रंगवलेल्या जाहिराती यांचंही तसंच. माझं स्पष्ट मत आहे की देवळापेक्षा आधी यांचे फोटो काढावेत. देऊळ पुढच्या वर्षीही असेल.

आकडा वाचणं

नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा सावकाश.

दगडावर आकडा दिसला की पहिला प्रश्न: कुठली कालगणना? 'शके' लिहिलं असेल तर ७८ मिळवा. शके १६८४ म्हणजे इसवी १७६२. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे महिना माघ किंवा फाल्गुन दिला असेल तर ७९ मिळवावे लागतात. पौषात इंग्रजी वर्ष अधेमधे बदलतं, तिथे तिथी बघूनच ठरवायचं. संवत्सराचं नाव दिलं असेल, प्रमाथी, विक्रम, चित्रभानू असं काही, तर ते नक्की उतरवून घ्या. साठ नावांचं चक्र असतं, त्यामुळे एखादा आकडा झिजलेला असला तरी नावावरून तो पक्का करता येतो.

'संवत' लिहिलं असेल तर ७८ विसरा. गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांनी बांधलेल्या धर्मशाळा, पाणपोया यांच्यावर विक्रम संवत असतो, त्यातून ५७, किंवा महिन्यानुसार ५६, वजा करायचे. दर्ग्याच्या किंवा मशिदीच्या फारसी शिलालेखात हिजरी सन असतो. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सरळ वजाबाकी चालत नाही. ढोबळ हिशेब असा: सनाला ०.९७ ने गुणा, ६२२ मिळवा. हिजरी ११०० म्हणजे साधारण १६८९.

दुसरी अडचण अक्षरांची. झिजलेल्या कोरीव कामात १ आणि ९, ४ आणि ६ यांची गल्लत होते. इथे बॅटरी लागते. दगडासमोर उभं राहून प्रकाश मारला तर काहीच दिसत नाही. बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा, म्हणजे अक्षराच्या खाचेत सावली पडते. मग दुसऱ्या बाजूने. मग खालून. प्रत्येक वेळी एक फोटो. घरी ते एकापाठोपाठ बघितले की आकडा आपोआप जुळतो.

जे अजिबात करायचं नाही ते असं: खडू, हळद, पीठ, तेल काहीही अक्षरांत भरायचं नाही, किल्लीने शेवाळ खरवडायचं नाही. भरलेली अक्षरं म्हणजे पुढच्या वाचकावर लादलेलं तुमचं वाचन. चुकीचं भरलंत तर तो चुकीचंच वाचणार. शेंदूर फासलेल्या दगडाला तर हात लावू नका. तो कुणाचा तरी देव आहे.

सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग-कुडलच्या संगमेश्वर मंदिरात शके ९४० चा, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे. जो हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाचं त्यात कोरलंय. हजार वर्षांपूर्वीही दगड वाचणाऱ्याला थोडी लालूच दाखवावी लागत होती, हे कळल्यावर मला जरा बरं वाटलं.

पायाशी पडलेले दगड

देवळाच्या आवारात, पाराखाली, वेशीजवळ उभे किंवा आडवे पडलेले कोरीव दगड बघा. तीन प्रकार ओळखता आले तरी पुष्कळ.

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड. तो खालून वर वाचायचा असतो, आणि नवखा माणूस नेमका वरून खाली वाचतो. सगळ्यात खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर बहुधा कलश, चंद्र, सूर्य. खालच्या चौकटीत गाई असतील तर गुरं राखताना किंवा सोडवताना तो पडला. सतीगळ ओळखायची खूण म्हणजे कोपरात वाकलेला, बांगड्या घातलेला हात. आणि गधेगाळ, ज्यात गाढव आणि स्त्री कोरलेली असते, हा दानपत्रातला शाप आहे: दिलेली जमीन जो हिरावेल त्याला ही शिवी. लोक तिला देवी समजून कुंकू वाहतात, असंही मी पाहिलं आहे. तिथे उभं राहून अर्थ समजावून सांगायचा मोह आवरा.

वाईच्या आणि मेणवलीच्या घाटांच्या पायऱ्यांवर याहून हलकंफुलकं काहीतरी आहे: कोरलेले पटखेळ. नवकंकरीचे चौकोन, वाघ-बकरीचे पट, गोट्या-कवड्या ठेवायचे खळगे. फरशीच्या कडेला बसून खाली बघितलं तरच दिसतात, उभ्याने नाही. सकाळी पायऱ्या ओल्या असताना खळग्यांत पाणी साचलेलं असतं, तेव्हा आधी पाणी दिसतं आणि मग पट. मी पहिल्यांदा त्यावरच पिशवी ठेवून बसलो होतो.

घाटावर एक भान ठेवा. तिथे बायका धुणं धूत असतात, कुणी दहाव्याचे विधी करत असतं. कॅमेरा पिशवीत. पायऱ्या संध्याकाळपर्यंत कुठे जात नाहीत.

ढोल्या गणपतीला मागून बघा

दर्शन घ्या, मग घाटाच्या बाजूने देवळाच्या मागे जा. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ १७६२ साली बांधलं. मागची भिंत सपाट नाही, माशासारखी निमुळती, टोकदार केलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. समोरून हे देऊळ भक्तीचं आहे आणि मागून पाटबंधाऱ्याचं. शेजारचं काशीविश्वेश्वर त्याच घराण्यातल्या आनंदराव भिकाजींनी १७५७ साली बांधलेलं. रास्ते म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाईंचं माहेर. पाच वर्षांत दोन मोठी देवळं एका घाटावर कशी उभी राहिली याचं निम्मं उत्तर त्या सोयरिकीत आहे.

इथून गंगापुरीकडे गेलात तर वेगळीच वाई भेटते. नारायणशास्त्री मराठे, पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा इथली. तरुण विनोबा १९१७ च्या सुमारास संस्कृत शिकायला तिथे आले होते. त्याच पाठशाळेतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आले आणि त्यांच्यामुळे मराठी विश्वकोशाचं कार्यालय मुंबई-पुण्याऐवजी वाईत राहिलं. वीस खंडांचा कोश जिथे घडला त्या गंगापुरीत उभं राहून मी एका पोराला पत्ता विचारला होता. तो म्हणाला, "ते पुस्तकवालं सरकारी हाफिस का?" वहीत तोंडातल्या नावाच्या रकान्यात तेच लिहिलंय.

विचारायचं कसं आणि पडताळायचं कसं

"इथला इतिहास सांगा" असं विचारलंत तर शिवाजी महाराजांपासून सुरुवात होईल आणि तुमच्या आळीपर्यंत पोचणारच नाही. लहान प्रश्न विचारा. हा पार कुणी बांधला? या विहिरीवर मोट होती का? २००५ च्या पावसात पाणी कुठपर्यंत आलं होतं? पुराचं विचारलं की लोक हात धरून पायरी दाखवायला नेतात. म्हाताऱ्या बायकांना विचारा, त्यांना घरं माणसांच्या नावानिशी पाठ असतात. चहा दिला तर प्या.

एकाच गोष्टीबद्दल निदान दोघांना विचारायचं आणि दोघांचं वेगळं आलं तर दोन्ही लिहायचं. मग छापील बघायचं. इंग्रजांच्या काळचा सातारा जिल्ह्याचा गॅझेटिअर १८८५ सालचा आहे. त्यात वाईचे घाट, देवळं, बांधणारे, साल असं तपशीलवार आहे आणि तो इंटरनेटवर फुकट वाचता येतो. पण तोही कुणीतरी कुणालातरी विचारूनच लिहिलेला आहे, हे ध्यानात असू द्या. घरी आल्यावर त्याच दिवशी फोटोंना नावं द्या: आळी, ठिकाण, तारीख, कुठल्या दिशेला तोंड. उद्यावर टाकलं की संपलं.

शेवटचा टप्पा: मेणवली

वाईपासून तीनेक किलोमीटर, चालत जावं. नाना फडणवीसांचा वाडा, त्यामागे चंद्रकोरीसारखा घाट, मेणेश्वराचं देऊळ. शूटिंग कुठे झालं ते दाखवणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही घाटावरच्या छोट्या दगडी मंडपातल्या घंटेपाशी जा.

चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि देवळोदेवळी गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरावरची, भीमाशंकरची आणि ही. ओतीव अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि साल आहे १७०७. खाली शंकर, पाठीमागे कृष्णा.

मी ही घंटा बघण्याआधी तिच्याबद्दल ऐकलं होतं. कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगितलं होतं, मेणवलीच्या घंटेवर १७०७ लिहिलंय. मी नुकताच ७८ मिळवायला शिकलो होतो. घरी जाऊन हिशेब केला, १७८५. नानांच्या कारभाराचा ऐन भराचा काळ. इतकं चपखल बसलं की शंका घ्यायचं काही कारणच नव्हतं. वहीत ठळक लिहिलं: 'शके १७०७ = इ.स. १७८५, घंटा नानांनी ओतवून घेतली.' दोन मित्रांनाही सांगून टाकलं. पुढच्या रविवारी घंटेखाली उभं राहून वर बघितलं, तर मेरी माझ्याकडे बघत होती आणि आकडे देवनागरीत नव्हते.

ते पान मी फाडलेलं नाही. त्यावर पेन्सिलीची आडवी रेघ आहे आणि शेजारी लिहिलंय, 'आधी जाऊन बघ.'